पंचनाम्याची नक्कल

शेवाळेबाई रांगेत कधी पुढे आल्या नाहीत. पासष्टी उलटलेली, बारीक अंगाची बाई, हातात बाराही महिने छत्री, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. कोणी म्हणालं, "आजी, तुम्ही या पुढे," तर त्या म्हणायच्या, "मी तुमच्या मागून आले आहे," आणि आपल्या जागी उभ्या राहायच्या. मी त्या वेळी पोस्टात रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर बसायचो. त्यांचा नंबर आला की त्या पाकीट तळहातावर ठेवून क्षणभर थांबायच्या आणि सांगायच्या, "वीस ग्रॅमच्या आत आहे." मी तरीही काट्यावर ठेवायचो. वीस ग्रॅमच्या आतच असायचं.

हे नव्वदच्या दशकातलं, वामनराव शेवाळ्यांना जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाचं. वामनराव आणि इंदूबाई या नवराबायकोनं नाशकातून वीसेक वर्षं 'पडताळा' नावाचं राजकीय मासिक चालवलं. पहिल्या पानावर संपादक म्हणून दोघांची नावं एकाच ओळीत छापलेली असायची. अग्रलेख वामनराव लिहायचे, सभांमध्ये तेच बोलायचे. बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि घरी आल्यावर मासिकाची बाकी सगळी कामं करायच्या. प्रुफं त्यांची. वाचकांची पत्रं वाचणं, त्यातलं कोणतं छापायचं ते ठरवणं, हेही त्यांचं. मासिकाचं खरं बळ ती पत्रंच होती. कारखान्यातले कामगार, खेड्यातले मास्तर, बाजार समितीतले हमाल, कोण कोण लिहायचे. आमच्या मखमलाबादच्या घरी वडील 'पडताळा' घ्यायचे. गुलाबाच्या मळ्याच्या बांधावर बसून ते अंक वाचत आणि वाचून झाला की चुलत्यांच्या हातात देत. चुलते तो न वाचताच परत करत.

एका सोमवारी बाईंनी खिडकीवर पाच पत्रं ठेवली, पाचही रजिस्टर, पोचपावतीसह. मी पत्ते पाहिले. एक चाळ होती ती पाडून टाकल्याला दहा वर्षं झाली होती. एका पत्त्यात ज्या गिरणीचं नाव होतं ती बंद पडली होती.

"बाई, यातलं एकही पोचणार नाही," मी म्हणालो.

"नाही पोचलं तर परत येईल ना?"

"येईल."

"का पोचलं नाही ते लिहून येईल?"

"पोस्टमन शेरा मारतो पाकिटावर."

"मग दे पाठवून. तेवढं तरी कळेल."

दर सोमवारी पाच पत्रं येऊ लागली. त्यातली बरीचशी परत यायची आणि मीच ती त्यांच्या हातात द्यायचो. 'मयत'. 'पत्ता सोडून गेले'. 'असा इसम येथे राहत नाही'. त्या प्रत्येक शेरा खिडकीशीच वाचायच्या. 'घेण्यास नकार' असा शेरा असला की पाकीट उलटसुलट करून बघायच्या, जणू नकार देणाऱ्याचा हात त्यावर कुठे दिसेल.

काही महिन्यांनी मी विचारलं, हे काय चाललंय. तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं.

कॉलेज रोडच्या मागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत पलंगाखाली, पलंगाच्या डोक्याशी, खिडकीखाली पत्र्याच्या पेट्या. एकूण अकरा. वामनरावांनी आयुष्यात कागद टाकला नाही. छापखान्यातल्या चिठ्ठ्या, सभेच्या हँडबिलांच्या मागे खरडलेले मुद्दे, आलेलं प्रत्येक पत्र, सालवार गठ्ठे बांधून ठेवलेलं. "उद्या कोणी विचारलं तर दाखवायला पाहिजे," असं ते म्हणत. शेवटच्या आजारपणातही त्यांनी बाईंकडून वचन घेतलं होतं की पेट्या सांभाळशील, योग्य जागी देशील. आणि आता खरोखरच पुण्याच्या एका संस्थेनं विचारलं होतं. 'पडताळा'चे सगळे कागद त्यांना हवे होते. खोली देणार होते, कपाटं देणार होते, वामनरावांच्या नावाची पाटी लावणार होते.

"मग द्यायचं की," मी म्हणालो.

"पत्रं आपली कुठे आहेत? ज्यांनी लिहिली त्यांची आहेत. त्यांना विचारलं का आपण?"

हा त्यांचा नेहमीचा शब्द होता. गल्लीतली कोणी बाई दुसऱ्या घरातलं काही सांगायला लागली की शेवाळेबाई मध्येच म्हणायच्या, "तिला विचारून सांगतेयस का?" आणि समोरची गप्प बसायची. म्हणून त्यांच्याकडे फारसं कोणी येत नसे. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर त्यांनी आधी विचारलं, "मुलीला विचारलंत का?" माझी आई बरोबर होती. तिला ते मुळीच आवडलं नाही.

तर त्या एकेका पत्रलेखकाला लिहीत होत्या. तुमचं अमुक साली लिहिलेलं पत्र आमच्याकडे आहे, ते संस्थेत ठेवू का, की तुम्हाला परत हवं, की नष्ट करू. उत्तरं आली ती अशी. एकानं लिहिलं, ते पत्र माझं नव्हेच, खाली सही असली तरी. एकानं लिहिलं, मुलगा आता पक्षात पदावर आहे, कृपा करून जाळून टाका. एक बाई मात्र स्वतः आली, सिन्नरहून. आपलं जुनं पत्र उभ्याउभ्या वाचलं, "शुद्धलेखनाच्या काय चुका आहेत हो माझ्या," असं म्हणून हसली, आणि पर्समध्ये घालून घेऊन गेली. त्या दिवशी बाई खूश होत्या. मला त्यांनी दोनदा चहा दिला.

मी दर रविवारी जाऊ लागलो. पत्ते शोधायला, पिनकोड लावायला माझी मदत व्हायची. असं वर्ष गेलं. मग एका रविवारी त्या म्हणाल्या, "मुरली, आज एकलहऱ्याला जायचं आहे. तू येशील का? एकटीला जमणार नाही."

मला आश्चर्य वाटलं. एकटीला जमणार नाही असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

बसमध्ये त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून मला दिला. कार्बनची नक्कल होती, निळी अक्षरं पुसट झालेली. पंचनामा. जप्त केलेल्या वस्तूंची यादी, खाली बाईंची सही.

"सातव्या नंबरला बघ," त्या म्हणाल्या.

'रंगनाथ याचे हस्तलिखित पत्र, पाने चार.'

मग त्या सांगू लागल्या. खिडकीबाहेर बघत, वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तशा सपाट आवाजात.

"आणीबाणीतलं आहे. वामनरावांना नेलं त्याला आठ दिवस झाले होते. दुपारी शाळेतून आले तर जिन्यात साध्या कपड्यातली चार माणसं उभी. घर उचकलं. पत्रांचा एक गठ्ठा नेला. त्यात हे होतं. रंगनाथ एका कारखान्यात होता. तिथे काय चाललंय आणि त्याच्याबरोबर कोण कोण आहेत, ते त्यानं लिहिलं होतं. पाच नावं. वर लिहिलं होतं, छापू नये, फक्त तुमच्या माहितीसाठी."

"मग?"

"त्या पाच जणांना बोलावून रंगनाथचं अक्षर दाखवलं. तुमच्याच माणसानं लिहून दिलंय म्हणाले. सहाही जणांचं काम गेलं. तिघांना आत टाकलं. रंगनाथला टाकलं नाही, का ते माहीत नाही. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच झाली."

बस थांबली, माणसं चढली. बस सुटल्यावर म्हणाल्या, "त्या पाचांतला निवृत्ती म्हणून एक होता, तो माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, रंगनाथ म्हणतो त्यानं पत्र तुम्हाला लिहिलं होतं. आलं होतं का? मी म्हणाले, मला माहीत नाही."

मी कागदाची घडी घातली.

"वामनराव आत होते. हा खरंच स्वतःहून आलाय की कोणी पाठवलंय, कळायला मार्ग नव्हता. नोकरी होती. ही कारणं खोटी नाहीत, मुरली. पण पुढे वामनराव सुटून आले, सगळं मोकळं झालं, तेव्हाही आम्ही बोललो नाही. ते म्हणाले, पत्र आपल्या घरातून गेलं हे कळलं तर आपल्याला परत कोण लिहील? मासिक बंद पडेल. मला ते पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं."

रंगनाथचा मुलगा एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला होता. वसाहतीत तळमजल्यावर त्याची जागा. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते आणि रंगनाथची बायको ते पुन्हापुन्हा झटकत होती, राख बसते म्हणून. बाईंना तिनं लगेच ओळखलं. या म्हणाली नाही. दार तेवढं पूर्ण उघडलं.

रंगनाथ कॉटवर बसले होते. काम गेल्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं नाशकात द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टच्या गोदामांत पोती उचलली होती. दम लागायचा, बोलताना मध्ये थांबायला लागायचं. बाईंनी पंचनामा त्यांच्या हातात दिला आणि जे मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं. एकही शब्द कमी केला नाही. निवृत्ती दारात आला होता आणि आपण काय उत्तर दिलं, तेही.

रंगनाथांनी सातव्या ओळीवर बोट ठेवून ती वाचली. पुन्हा वाचली.

"म्हंजी तुमच्याकडनं गेलं," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटायचं पोस्टात फोडलं आसंल. वीस वर्षं मी पोस्टाला शिव्या देत व्हतो."

मी पोस्टातला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी खाली बघत बसलो.

त्यांची बायको दारातून म्हणाली, "आन हे आता सांगायला आल्या."

"राहू दे," रंगनाथ म्हणाले. बराच वेळ त्यांनी श्वास जमवला. "बाई, त्या पाचातले दोघं वारले. दोघं गाव सोडून गेले, त्यांचा काय पत्ता नाय. एकटा निवृत्ती हाय, चांदवडला. त्याच्या पोराच्या लग्नाला मी गेलो व्हतो, बोलावलं नव्हतं तरी. मांडवाच्या दारातनं त्यानं मला परत लावला. त्याला हे दाखवा. तेवढं करा. दुसरं काय नको मला."

"दाखवते," बाई म्हणाल्या.

निघताना त्यांनी रंगनाथच्या बायकोला हात जोडले. ती कपडे झटकत राहिली.

पुढच्याच रविवारी आम्ही चांदवडला गेलो. निवृत्तीचं कांद्याचं आडतीचं दुकान होतं, हायवेला लागून. पांढरा सदरा, समोर फोन, मागे पोत्यांची थप्पी. बाईंना बघून तो उठून उभा राहिला. खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. वामनरावांच्या सभेला आपण सायकलवर जायचो, ते सांगितलं. मग बाईंनी कागद पुढे केला.

त्याला चष्मा लावायला लागला. वाचून झाल्यावर त्यानं कागद टेबलावर सरळ ठेवला, त्याच्या कडा नीट केल्या. बाईंनी सगळं सांगितलं. दुकानातला माणूस काही विचारायला आला, त्याला निवृत्तीनं हातानंच जायला सांगितलं.

"मी तुमच्या दारात येऊन विचारलं व्हतं, बाई," तो म्हणाला.

"हो."

"पायी आलो व्हतो. चपला बाहेर काढल्या व्हत्या. तुम्ही म्हणाल्या, माहीत नाय."

"हो. मी खोटं बोलले."

"म्हणून मी त्याला गावभर नासवला. त्याच्या सोयरिकी मोडल्या मी. दोन येळा. पोरीच्या." त्याचा आवाज चढला नाही. "आता मला सांगता तो खरा व्हता म्हणून. मी काय करू आता याचं?"

"तुम्ही एकदा त्यांना भेटा. त्यांना फार बरं नाही. एवढंच मागणं आहे त्यांचं."

निवृत्तीनं कागद उचलून बाईंच्या हातात दिला. "तुमचा कागद तुम्ही ठेवा. त्याचं आन माझं काय ते मी बघतो. तुम्ही जा आता. अन परत येऊ नका."

परतीच्या बसमध्ये बाईंनी मला फक्त एक प्रश्न विचारला. "तो जाईल असं वाटतं का तुला?"

मी म्हणालो, जाईल. त्या म्हणाल्या, "मला नाही वाटत."

तो गेला नाही. बाईंनी त्याला तीन रजिस्टर पत्रं पाठवली. तिन्हींच्या पोचपावत्या सहीसकट आल्या, म्हणजे पत्रं त्यानं घेतली होती. उत्तर आलं नाही.

त्या हिवाळ्यात वामनरावांचा स्मृतिदिन होता. जुने मित्र दरवर्षी एका लहान सभागृहात जमत, पंचवीस-तीस माणसं, सगळी पिकल्या केसांची. दोन भाषणं, मग चहा. बाई पुढच्या रांगेत बसायच्या आणि कधी बोलायच्या नाहीत. त्या वर्षी त्या उठल्या. माइकशी गेल्या, पंचनामा डोळ्यांजवळ धरून सातवी ओळ वाचली. रंगनाथवर जो ठपका वीस वर्षं आहे तो खोटा आहे, पत्र आमच्या घरातून गेलं, आम्हाला दोघांना ते माहीत होतं आणि आम्ही गप्प बसलो, असं सांगितलं. चार मिनिटंही लागली नसतील.

खोकल्याचा आवाज आला. कोणीतरी खुर्ची सरकवली. मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला. ते म्हणाले, "वामनरावांच्या आठवणीनं बाई आज भावनावश झाल्या आहेत. आपण सगळे समजू शकतो. त्या काळात सगळ्यांनीच सोसलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेल्या दोघांनी एकमेकांना विचारलं, रंगनाथ कोण?

मी तिसऱ्या रांगेत होतो. पंचनामा मी पाहिला होता, रंगनाथांच्या घरी आणि चांदवडच्या दुकानात मी हजर होतो. उठून एवढं म्हणता आलं असतं की बाई भावनावश नाहीत, हे खरं आहे. मी उठलो नाही. मोठी माणसं होती, मी खिडकीवरचा कारकून. आता लिहिताना हे कारण मला फार लहान वाटतं.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकात तीन ओळींची बातमी आली. वामनराव शेवाळे यांच्या आठवणींना उजाळा, श्रीमती शेवाळे यांना गहिवर. बाईंनी ती कापून, तारीख घालून पेटीत ठेवली.

रंगनाथ त्याच्या पुढच्या वर्षी गेले. मुलानं मला पोस्टात फोन केला, बाईंना कळवा म्हणून. आम्ही एकलहऱ्याला पोचलो तेव्हा न्यायची तयारी झाली होती. बाई बायकांच्यात जाऊन उभ्या राहिल्या, कोणी सरकून जागा दिली नाही. त्या सारख्या वसाहतीच्या फाटकाकडे बघत होत्या. त्यांच्या बघण्यामुळे मीही बघायला लागलो. चांदवडहून कोणी आलं नाही.

दहाव्यानंतर मुलगा घरी येऊन बाईंना म्हणाला, "तुम्ही आता येत जाऊ नका. आईला त्रास होतो." सभ्यपणे म्हणाला. बाई म्हणाल्या, "बरं."

हे लिहायला घेतलं तेव्हा मी त्या मुलाला भेटलो. रिटायर होऊन तो आता नाशिकरोडला राहतो. तुमच्या वडिलांचं खरं नाव, आडनाव, गाव घालून लिहू का, म्हणजे एकदाचं छापून येईल, असं विचारलं. तो म्हणाला, "ज्यांनी ऐकायचं व्हतं ते मेले. आता नव्या लोकांना कशाला कळवता, की आमच्या बापावर असं बालंट व्हतं." म्हणून रंगनाथ हे त्यांचं खरं नाव नाही, निवृत्ती हेही खरं नाव नाही.

पुण्याच्या संस्थेचे प्राध्यापक पेट्या बघायला दोनदा येऊन गेले होते. तिसऱ्या वेळी ते यादी करायला आले. चांगला माणूस होता, कागद हातात घेताना रुमालानं हात पुसायचा. बाईंनी पहिल्या पेटीत सगळ्यात वर पंचनामा ठेवला होता आणि त्याला जोडून स्वतःच्या अक्षरातली दीड पानाची नोंद. प्राध्यापकांनी ती वाचली.

"बाई, ही नोंद सध्या वेगळी ठेवू या," ते म्हणाले.

"का?"

"संग्रह वामनरावांच्या नावानं होतोय. उद्घाटनाला मोठे लोक येणार. उघडल्याबरोबर हेच दिसलं तर उरलेलं कोणी बघणारच नाही. मी नष्ट करा म्हणत नाही. दहा-पंधरा वर्षांनी लावू यादीत."

"दहा-पंधरा वर्षं मी एकदा थांबले आहे."

"पण वामनरावांना हे आवडलं असतं का?"

बाई हसल्या. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. "नसतं आवडलं. पण मासिक दोघांच्या नावानं निघायचं. तेव्हा हेही दोघांच्या नावानं राहील. वर हे आणि खाली सगळं. नाहीतर राहू दे."

प्राध्यापकांनी समजावलं, मीही समजावलं. अकरा पेट्या आहेत, वीस वर्षांचं काम आहे, वचन दिलंय तुम्ही वामनरावांना. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि नाही म्हणत होत्या. प्राध्यापक म्हणाले, संचालकांशी बोलतो. एक पत्र आलं, मग एक कार्ड, मग काही नाही. संस्थेला नवीन इमारत मिळाली, त्यात ती खोली राहिली नाही, असं पुढे कळलं. इथल्या वाचनालयात विचारलं तर ते म्हणाले, छापील अंक द्या, बाकीच्याला जागा नाही. त्यांनी अंकही पुढे नेले नाहीत.

दोन हजार सालानंतर बाईंचे डोळे गेले. काचबिंदू होता, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. घरमालकाला इमारत पाडायची होती. सटाण्याकडच्या गावाहून त्यांचा भाचा दिलीप ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्यांना, एका पलंगाला आणि अकरा पेट्यांना घेऊन गेला. मी जिना उतरवून द्यायला मदत केली. येतो म्हणालो. जायला तीन वर्षं लागली. मुलीचं शिक्षण, माझी बदली, आईचं आजारपण. लांबही पडायचं.

गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. घरात लहान मुलं होती, भाचेसून चांगली होती. त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. दिलीपशी त्या अहिराणीत बोलत होत्या. त्या भाषेत मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. वेगळ्याच कोणी बाई वाटल्या.

"पेट्या कांद्याच्या चाळीत ठेवल्या आहेत," त्या म्हणाल्या. "घरात जागा नव्हती. उघडून बघतोस का? मी कोणाला सांगितलं नाही. तू येशील म्हणून थांबले."

दिलीपनं कांदा साठवायची ती जाळीची चाळ उघडून दिली. एका पावसाळ्यात कांदा सडला होता. त्याचं पाणी झिरपून पेट्यांच्या बुडाला गंज चढला होता, भोकं पडली होती. आत गठ्ठेच्या गठ्ठे चिकटून काळे झाले होते. मी पहिली पेटी पूर्ण उपसली. वरचा थर बोटांनी सोडवायला गेलो तर त्याचा भुगा झाला. दिलीप मागे उभा होता. "माले काय माहीत," तो हळूच म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता.

बाहेर येऊन मी हातपाय धुतले. बाई वाट बघत होत्या.

"काय आहे?"

"सगळं चिकटून गेलंय, बाई. काही अंक सुटे निघतील."

"पत्रं?"

"नाही."

"पहिली पेटी बघितलीस?"

"सगळी उपसली."

त्यांनी मान हलवली. शेजारी सून शेंगा निवडत होती, तिच्या सुपाचा आवाज येत होता.

"झेरॉक्स काढून ठेवायला हवी होती आपण," मी म्हणालो.

"कोणाला दाखवली असतीस?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "म्हणजे आता ते तुला माहीत आहे, तेवढंच."

जेवण झाल्यावर मी निघालो. त्या स्टँडपर्यंत येते म्हणाल्या. सून म्हणाली, आत्याबाई, ऊन आहे. त्या ऐकेनात. भिंतीला हात लावत, मग माझ्या दंडाला धरून रस्त्यापर्यंत आल्या. स्टँड म्हणजे लिंबाखाली एक दगडी बाक. वाटेत त्यांनी माझ्या मुलीचं विचारलं, गणितात कशी आहे ते विचारलं. मी बरी आहे म्हणालो.

बस आली. मी पाया पडलो. "एवढ्या लांब परत येऊ नकोस," त्या म्हणाल्या, "पोचल्याचं पत्रही नको, मला वाचून दाखवायला कोणाला तरी सांगावं लागतं." मी चढलो, मागच्या खिडकीशी जागा मिळाली. ड्रायव्हरनं गाडी वळवून घेतली आणि नाशिकच्या रस्त्याला लावली. गाडी वळली हे त्यांना कळलं नसावं. त्यांनी हात वर केला होता, आणि त्या दुसऱ्याच बाजूला, रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. दिलीपची धाकटी मुलगी धावत येऊन त्यांचा हात धरून त्यांना वळवू लागली, तेवढ्यात गाडी वळणाआड गेली.